पाचवरचा पंखा

एका मंगळवारी सकाळी माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, गेले. त्या दिवसापासून त्यांच्या बोईसरच्या घरात पंखा पाचवर लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

हेलिकॉप्टरमध्ये एकदाही न बसता हेलिकॉप्टरच्या पात्यांची पोटच्या पोरांसारखी काळजी वाहणारा माणूस डहाणूपासून विरारपर्यंत दुसरा नव्हता. चक्कर येते म्हणून ते झोपाळ्यावरसुद्धा बसत नसत. पूर्वी दक्षिणेतल्या एका कारखान्यात उडताना पात्यांवर किती भार येईल याचं गणित ते मांडत. ताईला इथल्या शाळेत नोकरी लागली, तेव्हा ते बोईसरच्या एका कारखान्यात आले. पण एक गणित ट्रंकेत बसून त्यांच्यामागून आलं. सरळ उडताना त्यांचा आकडा बिनचूक यायचा. झपकन वळताना मात्र पात्याचा कोन बदलणाऱ्या दांडीवर भार जवळजवळ दुप्पट भरायचा. जुन्या सहकाऱ्याने तसं पत्राने कळवलं होतं. कारण सापडेपर्यंत वैमानिकांना तसं वळायला मनाई होती. "दांडी माझ्या आकड्यावर घडवलीय," भाऊजी म्हणत. "उद्या गरज पडली आणि कुणी वळलाच, तर?" आणि जेवता जेवता त्यांचा घास हातातच राही.

मग घराची प्रयोगशाळा झाली. मी तेव्हा त्यांच्याकडेच राहत असे. पंख्याच्या पात्यांना त्यांनी लोकरीचे दोरे चिकटवले. ते दिसावेत म्हणून पंखा कायम एकवर. वैशाखात आलेले पाहुणे ओळीने घाम पुसत बसत आणि ताई आतून म्हणे, "अहो, माणसं आहेत ती, वाळत घातलेले बोंबील नव्हेत!" वीज गेली की भाऊजी खूश, थांबणारं पातं नीट पाहता येई. आणि वीज शेजारी तारापूरला तयार होत असली, तरी आमच्याकडे ती नियमाने जात असे.

बाजारातून येताना ते रिक्षात स्प्रिंगच्या काट्याला भाजीची पिशवी टांगून बसत आणि वळणावर ओरडत, "और जोर से!" एकदा रिक्षावाल्याने रिक्षाच थांबवली. "चाचा, सब्जी तोलनी थी तो बाजार में तोल लेते!" त्या दिवशीचे टोमॅटो ताईने आमटीत घातले, दुसरा इलाज नव्हता.

उत्तर मात्र दारात चालत आलं. बेटेगावचा लाडक्या कावडीतून काकड्या विकायला यायचा. आमच्या कोपऱ्यावर वळण्याआधी तो रोज क्षणभर थांबे. भाऊजींनी विचारलं, "काय रे, दमलास?"

"दमतोय कशाला, सायेब? आदीचा हेलकावा जाऊ देतोय. तो जायच्या आत वळलो, तर कावड खांद्यावर दुप्पट बसते."

"वजन तर तेवढंच आहे!"

"वजन तेवढाच हाय. मागचा हेलकावा वजनात धरलाय का तुमी?"

भाऊजी काकडी हातात धरून उभेच राहिले. त्यांनी धरला नव्हता. प्रत्येक पातं कोऱ्या हवेत शिरतं, असं धरूनच त्यांचं सगळं गणित होतं. झपकन वळताना ते पुढच्या पात्याने घुसळलेल्या हवेत शिरतं, हे त्यांच्या कागदावर कुठेच नव्हतं. पालघरहून दस्तेच्या दस्ते कागद आणून त्यांनी सगळं पुन्हा मांडलं. गणितातल्या या नव्या पदाला नाव दिलं 'ला'. सहकाऱ्याने उलट टपाली विचारलं, "ला म्हणजे कोणते शास्त्रज्ञ? संदर्भ कळवावा." भाऊजींनी कळवलं, "बेटेगाव. काकड्यांच्या हंगामात भेटतात."

वर्षभराने पत्र आलं. आकडा जुळला होता. दांडी जाड केली होती. वैमानिक झपकन वळला होता आणि खाली उतरून त्याने चहा मागितला होता. भाऊजींनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला, उठले आणि स्वतःच्या हाताने पंखा पाचवर केला. "आज सगळ्यांनी वारा घ्या," म्हणाले. टेबलावरचे कागद खोलीभर उडाले. ते त्यांनी उडू दिले. लाडक्या त्या दिवशी आला, तेव्हा त्याची सगळी कावड त्यांनी विकत घेतली आणि आठवडाभर आम्ही कोशिंबीर खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पंखा पुन्हा एकवर आला. सवय, दुसरं काय.

आता ताई एकटी असते. उकडलं तरी ती पंखा एकवरच ठेवते. पात्यांवरचे दोरे गळून गेले. एक राहिला आहे.