संध्याकाळचा रिकामा रकाना

आधीच सांगतो, भूतखेत, बाहेरचं, लागीर... यातलं मला काही म्हणजे काही पटत नाही. शेवगावात स्टँडमागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. 'आपोआप चालू होतो' म्हणून लोकांनी आजवर कितीतरी पीसी आणले. एकातलं भूत म्हणजे सुटलेली केबल निघाली, दुसऱ्यातलं उंदीर. बायको म्हणते, देव भेटला तरी तुम्ही त्याला आधी बंद करून परत चालू करायला सांगाल. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण लिहितो.

मागच्या उन्हाळ्यात पाथर्डीकडून सिंधूताई आली. पस्तिशीची बाई, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात एकच फ्लॉपी... ती जुनी, मोठी, लवलवणारी.

"भाऊ, यात माझी जन्मतारीख हाय. तेवढी काढून द्या. अंगनवाडीत मदतनीसाची जागा निघालीय, परवा शेवटचा दिस हाय. पुरावा मागत्यात."

"शाळेतून दाखला नाही का मिळत?"

"शाळाच ऱ्हायली न्हाई. रजिस्टरं वाळवीनं खाल्ली. गुरुजी बी गेले. त्यांच्या घरच्या बाईंनी हे दिलं."

तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे. कारखान्याच्या तळावर तोडकऱ्यांच्या पोरांसाठी पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरायची. गुरुजींना कुणीतरी जुना कॉम्प्युटर देऊन टाकला होता, त्यावर ते सगळं टाईप करून ठेवायचे. शिस्तीचा माणूस असणार. फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर त्यांनी चिकटपट्टी लावली होती. ही खाच झाकली की ड्राइव्ह फ्लॉपीवर एक अक्षरही लिहू शकत नाही, फक्त वाचतो. हे लक्षात ठेवा.

आता असली फ्लॉपी लॅपटॉपला चालत नाही. माझ्याकडे एक म्हातारा पीसी आहे, तो मी याच कामासाठी सांभाळलाय. त्यावर आधी अख्ख्या फ्लॉपीची इमेज काढायची, म्हणजे हुबेहूब नक्कल, मग ती सिरियल केबलने लॅपटॉपवर आणायची आणि तिथे उघडायची. दुपारचे दोन वाजलेले, बाहेर वावटळ. सगळा फुफाटा आत येत होता म्हणून मी शटर खाली ओढलं.

इमेजमध्ये दोन फाइल निघाल्या, प्रवेश आणि हजेरी. प्रवेशाची फाइल बावीस नावांपर्यंत नीट आली. पुढे नुसता कचरा.

"माझा नंबर तेवीस हुता," सिंधूताई म्हणाली.

आता याला काय म्हणायचं... खराब सेक्टर, म्हणजे फ्लॉपीवरचा तेवढा तुकडा झिजलेला, दुसरं काय. मग हजेरी उघडली. नावं इंग्रजी अक्षरांत, पुढे सकाळ आणि संध्याकाळ असे दोन रकाने, हजर असेल तिथे एच. फाइलमधल्या शेवटच्या दिवशी सगळ्यांचे दोन्ही रकाने भरलेले. फक्त सिंधूचा संध्याकाळचा रकाना रिकामा. एच नाही, गैरहजेरीची फुली नाही, काहीच नाही.

मी ड्राइव्हचं हेड साफ केलं आणि परत इमेज काढली. प्रवेशाची फाइल तिथेच तुटली. हजेरीच्या शेवटी मात्र एक नवी तारीख आली होती. आम्ही दुकानात बसलो होतो, त्याच दिवसाची. खाली दोनच नावं. SINDHU. VILAS. सकाळच्या रकान्यात दोघांना एच. संध्याकाळचे दोन्ही रिकामे.

विलास माझं नाव.

चिकटपट्टी जागच्या जागी होती. त्या पीसीची बॅटरी कधीच मेलीय, तो रोज उठून १९८० सालच सांगतो. चालू तारीख त्याला माहीत असायचं कारणच नाही. म्हटलं, ताई, जरा मोकळ्या हवेत जाऊ. शटरला हात घातला, शटर हलेना. दोघांनी मिळून उचललं तरी तसूभर हललं नाही.

शेजारच्या झेरॉक्सवाल्या मंगलवहिनींना फोन लावला. म्हटलं, शटर अडकलंय, बाहेरून जरा ओढा.

"अहो भावजी, शटर तर सताड उघडं हाय," त्या म्हणाल्या. "मी तुमच्या दारातच हुभी हाय. दुकानात कुनीच न्हाई. असं उघडं टाकून कुठं गेलात?"

मी आतून शटर बडवत होतो. फोनमध्ये त्यांना आवाज येत होता, दारात उभं राहून येत नव्हता. खोटं कशाला सांगू, मी घाबरलो. पंखा चालू असून अंग घामाने निथळत होतं आणि आपण आता इथून सुटत नाही एवढंच डोक्यात होतं.

सिंधूताई खाली बसली होती. ती आपल्याशीच बोलल्यासारखं बोलायला लागली.

"सांजची हजेरी झाल्याबिगर कुनी हालायचं न्हाई, असा गुरुजींचा नियम हुता. ट्रॅक्टर यायचे-जायचे, पोरगं कुठं चाकाखाली जाईल म्हनून. पोरगं हजर म्हनलं की मगच आईच्या हाती द्यायचे. त्या दिशी आईला लई ताप हुता. मी खिडकीतून पळाले. रातीच आमची टोळी दुसऱ्या कारखान्याला गेली. गुरुजींच्या बाई म्हनल्या, गुरुजी तीन दिस उसात हुडकत हुते मला. विहिरीत बी गळ टाकून बघितला."

ती रडायला लागली. मग पदराने तोंड पुसलं, उठून सरळ उभी राहिली, लहान पोरं राहतात तशी, हात बाजूला चिकटवून. आणि त्या पीसीकडे बघत म्हणाली, "हजर, गुरुजी."

ड्राइव्हचा लाल दिवा लागला. मी कसलीही कमांड दिली नव्हती. तो नेहमीसारखा कुरकुरत फिरला आणि थांबला.

मी तिसऱ्यांदा इमेज काढली. प्रवेशाची फाइल शेवटपर्यंत आली. तेविसावं नाव, जन्मतारीख, गाव, सगळं. प्रिंट हातात येते न येते तोच शटर आपलं आपण कमरेएवढं वर गेलं. मी सिंधूताईला पुढे घातलं आणि तिच्या मागोमाग वाकून बाहेर पळालो. मंगलवहिनी समोरच उभ्या. म्हणाल्या, "आता कुठून आलात?"

बाकीचे कागद जोडून सिंधूताईने अर्ज दिला. जागा तिला मिळाली. मलाही बरं वाटलं, अगदी मनापासून.

पण त्या दिवशी घाईत मी तिसऱ्या इमेजमधली हजेरीची फाइल उघडलीच नव्हती. आठ दिवसांनी उघडली. त्या दुपारच्या तारखेखाली सिंधूच्या दोन्ही रकान्यांत एच. माझा संध्याकाळचा रिकामा.

तिने केलं तेच मीही केलं होतं, हजेरी न देता पळालो होतो.

तेव्हापासून मी रोज शटर ओढायच्या आधी त्या पीसीपुढे उभा राहून 'हजर' म्हणतो. लाज गुंडाळून ठेवलीय. फ्लॉपी अजून त्यातच आहे, पण दिवा लागत नाही. नवी इमेज काढून बघितली तरी रकाना रिकामाच. दुकान बंद करून घरी जातो, जेवतो, झोपतो, पण आपण आत राहिलोय असं वाटतं ते काही जात नाही. परवा मंगलवहिनी दारात येऊन मला हाका मारत होत्या. मी समोरच खुर्चीत बसलो होतो. तिसऱ्या हाकेला त्यांना मी दिसलो.

शेवटी पाथर्डीला गेलो, सिंधूताईच्या अंगणवाडीत. सगळं सांगितलं. म्हटलं, ताई, तूच माझं नाव पुकार, मी हजर म्हणतो, सुटेन तरी.

तिने समोरचं हजेरीचं रजिस्टर मिटून ठेवलं. मग म्हणाली, "तुमची हजेरी मी कशी घेऊ, भाऊ? तुमचं नाव गुरुजींच्या हजेरीत हाय. ते पुकारतील तवाच."