मी थांबू न दिलेलं मशीन

आमची मुलगी मशीनं बंद पाडायची नोकरी करते, असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. ते अगदीच खोटं नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात, आणि त्यातल्या एका छोट्या भागावर मी काम करते. प्रोसेसरला स्वतःच्याच आत बिघाड सापडला की तो या भागाला हाक मारतो. किरकोळ चूक तो आपली आपण सुधारतो. पण सुधारता येईना आणि कुठला मजकूर नासला हेही कळेना, तर कर्नलने सगळं जागच्या जागी थांबवायचं असतं. चुकीचं काही डिस्कवर लिहिलं जाण्यापेक्षा तासाभराचं काम बुडालेलं बरं. हे मी नव्या मुलांना इतक्यांदा ऐकवलंय की ती माझी नक्कल करतात.

घरी मी नेमकं उलटं केलं.

बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक, मोडी वाचणारे. कसब्यातल्या एका वैद्य घराण्याची औषधांची जुनी बाडं ते आमच्या सदाशिव पेठेतल्या फ्लॅटमध्ये बसून बाळबोधीत उतरवत होते. औषधं घराण्याची, म्हणून फोटो काढायचे नाहीत, अशी वैद्यांची अट होती. मी बाबांशी त्यावरून भांडले. त्यांनी शब्द दिला होता, विषय संपला. काचबिंदूने त्यांची नजर जात चालली होती, तेव्हा मी ऑफिसने भंगारात काढलेलं एक मशीन घरी आणलं, मोठा पडदा जोडला आणि अक्षरं वाटीएवढी करून दिली.

ते मशीन मधेच थांबायचं. प्रोसेसर म्हातारा झाला होता, आणि कर्नल आपलं काम चोख करत होता.

"अहो बाई," बाबा मला म्हणाले (रागावले की मी बाई व्हायचे), "माझे डोळे आधी जाणार की तुमचं यंत्र आधी सुरळीत चालणार, तेवढं सांगा. म्हणजे त्या हिशेबाने लिहितो."

मला ते लागलं. नवा प्रोसेसर बघू पुढच्या महिन्यात, असं म्हणत मी एका रविवारी चहा पिता पिता एक सेटिंग बदललं: बिघाड आला तर नोंद कर, थांबू नकोस. मशीन थांबायचं बंद झालं. बाबा इतके खूश झाले की पुढचा महिना मी विसरूनच गेले.

काम पूर्ण झालं तोवर बाबांना उजेड-अंधारापलीकडे फारसं दिसत नव्हतं. बाडं परत गेली. त्यांच्या पानांचा हातात भुगा होत होता, आणि वर श्री लिहिलेला कागद कचऱ्यात कसा टाकायचा? सगळं आता कॉम्प्युटरवर आहेच, म्हणून वैद्यांनी ती रीतसर नदीत सोडली. मग वैद्य घराण्यापुरतं ते पुस्तक छापायला काढताना एका चाटणात मला 'मधाबरोबर'च्या जागी 'मताबरोबर' दिसलं. बाबांनी असं लिहिणं शक्यच नव्हतं. मी नोंदींची फाइल उघडली. ओळीमागून ओळ तेच: दुरुस्त न होणारी चूक, काम पुढे चालू.

बाबांचं अख्खं पुस्तक एका फाइलमध्ये होतं आणि दर वेळी ती सगळी नव्याने लिहिली जायची, म्हणजे कुठल्याही पानावर काहीही बदललेलं असू शकत होतं. बॅकअप शेवटच्या महिन्याचे होते, पहिली नोंद त्याच्या कितीतरी आधीची. अक्षर बिघडलं तर वाचताना दिसतं, पण औषधाच्या मात्रेचा आकडा बिघडला तर तो फक्त दुसरा आकडा होतो. आणि त्या औषधांत बचनागासारखी विषं होती.

बाबांना सांगितलं. ते ओरडतील याची मी वाट पाहत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"किती ठिकाणी?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही, बाबा."

"तू तर यातलीच ना?"

"त्यातलीच आहे. तरी सांगता येत नाही."

त्यांनी पाठ ताठ केली, वर्गात बसायचे तशी. "वाच. प्रत्येक ओळ माझ्या हाताखालून गेली आहे. चुकलेलं कानाला कळेल."

मी पहिल्या पानापासून वाचायला लागले. प्रत्येक ओळीला ते मान डोलवून 'बरोबर' म्हणत होते, आणि तासाभराने त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. एकही ओळ त्यांना चुकीची वाटली नाही, हे मला मात्र खटकायला लागलं. बचनागाचं पान आलं. पडद्यावर होतं, गोळी दोन गुंजांची. मी मुद्दाम पाच वाचलं.

"बरोबर," बाबा म्हणाले. "पुढे."