जुन्या डिस्कवर जागा झालेला कॉम्प्युटर

आमच्या इमारतीत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंना सगळे डॉक्टरीणबाई म्हणतात. आधी त्या कॉम्प्युटरवर तळहात ठेवून डोळे मिटतात, मगच कामाला लागतात.

लेकीने जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क नव्यात दुसरी म्हणून बसवली, आणि पडद्यावर तिच्या शाळेच्या दिवसांतल्या वॉलपेपरचं निळं तळं उगवलं. तिचा उद्या द्यायचा प्रबंध कुठेच दिसेना. मी डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं.

"काकू, प्रबंध नव्या डिस्कवर सुखरूप आहे," कॉम्प्युटरवरचा तळहात उचलत त्या म्हणाल्या. "हा झोपेत जुन्या घरी गेलाय, जुन्या डिस्कवरून सुरू झालाय, एवढंच."

"मग आणा की त्याला परत," मी म्हणाले.

"थांबा जरा," लेक म्हणाली.

आम्ही तिघी तळ्याकडे बघत राहिलो. मग डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून सुरू होण्याच्या यादीत नव्या डिस्कला पहिला क्रमांक दिला, आणि प्रबंधाचं पहिलं पान अलगद वर आलं.