थोरल्या दिरांची वायरिंग

मला माझे थोरले दीर आवडत नाहीत. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडे समजूतदारपणा मागायला नको.

आमच्याकडे धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी थेट बोलत नाही. तेही बोलत नाहीत. मी समोर उभी असले तरी नवऱ्याला म्हणतात, "तिला सांग." बारा वर्षं मी स्वतःबद्दलचं सगळं असं तिसऱ्या तोंडून ऐकलं. आमच्या नव्या फ्लॅटचं काम निघालं तेव्हा देखरेख त्यांनी आपणहून अंगावर घेतली. शिरोलीत त्यांची लोखंड ओतायची फौंड्री आहे, म्हणून जगातलं सगळं त्यांना कळतं.

मला त्या फ्लॅटमध्ये एकच गोष्ट हवी होती. मी घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीसाठी विम्याचे क्लेम तपासते. जुन्या घरात वायफाय सारखं तुटायचं. शेवटी कंपनीने कळवलं, टेबलापर्यंत नेटची वायर पाहिजे, आम्ही अमुक गुरुवारी अकरा वाजता तपासू. जमत नसेल तर पुण्याला येऊन बसा. शाळेत जाणारी मुलगी सोडून मी पुण्याला जाणार नव्हते. म्हणजे नोकरीच जाणार, आणि ती जायची वाट बघणारे घरात कमी नव्हते.

म्हणून मी वहीच्या कागदावर नकाशा काढला. दाराजवळ एक पेटी, तिथून प्रत्येक खोलीला स्वतंत्र वायर. 'मध्ये जोड नको' याच्याखाली दोन रेघा ओढल्या. नवऱ्याने तो कागद दिरांना दिलाच नाही. दादाला शिकवल्यासारखं दिसतं म्हणे. "तिला सगळ्या खोल्यांत नेट पायजे," एवढंच तो बोलला आणि कागद शर्टाच्या खिशात धुऊन निघाला.

दिरांनी फौंड्रीतला वायरमन आणला. गिलावा झाला, रंग झाला. मी मागच्या खोलीत लॅपटॉप जोडला तर नेटचा पत्ता नाही. बोर्ड उघडला. आत नेटची वायर तोडून, पिळून, वर काळी टेप गुंडाळलेली.

वायरमनला बोलावलं. तो खूश होता.

"वैनी, लायटीला कसं एका पॉइंटवरनं दुसऱ्यावर लूप मारतो, तसंच मारलंय की. वायर बी वाचली."

"ही लाइट नाही. याला जोड चालत नाही."

"वायर ती वायर. टेप कडक हाय, शंभर वर्षं सुटायची न्हाय."

शंभर वर्षं! तपासणीला आठवडाही उरला नव्हता. अखंड वायर ओढून बघितली, पण पाइप एसीच्या वायरींनी गच्च भरलेला. ती वळणावर अडकून तुटली. भिंत फोडावी लागेल म्हटल्यावर दीर नवऱ्याला म्हणाले, "तिला सांग, नोकरी न्हाय राहिली तर काय उपाशी मरणार हाय व्हय?"

त्या वाक्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वास्तुशांतीचा मुहूर्त नेमका त्याच गुरुवारी धरलेला. पूजा सकाळी लवकर उरकली आणि पाहुणे प्रसादाला बसले. मी पदर खोचला, स्टूल घेतलं आणि दारापासून नव्या क्रीम रंगाच्या भिंतीवरून, हॉलभर, मागच्या खोलीपर्यंत उघडी निळी वायर ठोकायला सुरुवात केली. प्रत्येक खिळ्याला रंगाचा टवका उडत होता. मला बरं वाटत होतं.

दीर आले. नवऱ्याला म्हणाले, "तिला सांग, ते काढ म्हणावं. पावणं बघाल्यात."

मी हातोडी घेऊनच वळले. "दादा, मला सांगा. मी इथंच आहे."

जेवणाऱ्यांचे हात थांबले. दिरांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने शिऱ्याकडे पाहिलं.

"अकरा वाजता माझी नोकरी आहे. या वायरीला कुणी हात लावला, तर उद्यापासून तुमच्या फौंड्रीत खुर्ची टाकून बसेन. मग मला काम तुम्हीच द्या."

ते बाहेर जाऊन चप्पल घालून उभे राहिले. अकराला तपासणी झाली आणि मी पास झाले.

वायर अजून तशीच आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, एवढ्या चांगल्या भिंतीवर हे काय? दीर घरी आले की तिच्याच समोर बसतात. नवरा म्हणतो, निदान वरून पट्टी मारून झाकू या, दादाला वाईट वाटतं.

मला माहीत आहे. म्हणूनच झाकत नाही.