मधली जागा मोकळी सोडा

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जळगावच्या एका दैनिकात मी छायाचित्रकार होतो आणि सुटीच्या दिवशी एका स्टुडिओची कामं करत असे. त्या स्टुडिओतल्या पडद्यावर तळं, कमळं आणि संगमरवरी कठडा रंगवलेला होता. वर्षानुवर्षं नवरा-नवरी त्याला टेकून उभी राहिल्यामुळे खांद्याच्या उंचीवर रंग जाऊन कापड दिसत होतं.

मालकांना, म्हणजे शेठना, नवा पडदा हवा होता. स्टेशनजवळच्या दुसऱ्या स्टुडिओने मुंबईहून छापील कागद आणून भिंतीवर चिकटवला होता. त्यावर परदेशातली दरी आणि लालभडक झाडं होती. तसंच चित्र शेठच्या कॅलेंडरवर होतं, ऑक्टोबरच्या पानावर. बाहेरही ऑक्टोबर चालू होता.

"सातपुड्यात जा," शेठ म्हणाले. "दरी आहे, महिनाही हाच आहे. झाडं लाल झाली असतील. तुम्ही फोटो काढा, नाना पडदा करतील."

नाना म्हणजे पडदा रंगवणारे पेंटर. वय साठीच्या आसपास. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चोपड्याच्या एसटीत बसलो तेव्हा त्यांच्याकडे छत्री आणि रिकामा डबा होता.

"आपल्याकडे लाल होतो तो पळस," नाना म्हणाले. "तोही होळीच्या सुमाराला. आता फक्त गवत पिवळं झालेलं असेल."

"मग शेठना सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर कागदच मागवला असता त्यांनी. हा पडदा पसंत पडला तर पुढचे दोन मलाच मिळणार आहेत. नाही पडला तर दुकानांच्या पाट्या आहेतच. पाटीला शिडीवर चढावं लागतं, भाऊ. आता गुडघे ऐकत नाहीत."

चोपड्याहून पायथ्यापर्यंत जीप मिळाली. पुढे नाल्याच्या पात्रातून चालायचं होतं. पाणी बेताचंच होतं, डोहाडोहात साठलेलं. दोन्ही बाजूंना काळ्या खडकाचे थर होते आणि त्यांच्या फटींत अंजनाची झाडं. सागाची पानं किड्यांनी खाऊन जाळीदार झाली होती. गवताची कुसळं पँटमध्ये घुसत होती. लाल काहीही नव्हतं.

दरी वळते तिथे पात्राच्या मधोमध एक मोठा खडक होता. पाणी त्याला दोन्हीकडून वळसा घालत होतं आणि वरून उजेडाचा पट्टा नेमका त्यावर पडला होता. मी कॅमेरा लावला.

"खडक नको," नाना मागून म्हणाले. "तिथं नवरा-नवरी उभी राहणार. तुमचा खडक नवरदेवाच्या डोक्यातून वर येईल."

"फोटो चांगला येईल, नाना."

"फोटो येईल. पडदा येणार नाही. मधली जागा मोकळी सोडा."

मोकळी, वाळूची जागा थोडी वर सापडली. तिथे ऊन उजवीकडून येत होतं. स्टुडिओतला मोठा दिवा डावीकडे असे, त्यामुळे पडद्यातली सावली उजवीकडे पडायला हवी होती. निगेटिव्ह उलटी ठेवून प्रिंट काढता येईल, असं मी सुचवलं.

"म्हणजे दरी उलटी होईल. खोटंच करायचं तर घरी बसून केलं असतं."

आम्ही ऊन कलेपर्यंत थांबलो. फिल्म कृष्णधवल होती. तुम्ही आकार धरा, रंग मी धरतो, असं नानांनी आधीच सांगितलं होतं. त्या वेळात त्यांनी डब्यात माती, गवताच्या काड्या, अंजनाची पानं आणि खडकाचा एक टवका भरून घेतला.

शेळ्या घेऊन एक म्हातारा खाली उतरला. बराच वेळ त्याने आम्हाला न्याहाळलं.

"भाऊ, आठे काय शे फोटो काढाले? बठ्ठा दगड शेतस."

"सगळे दगडच आहेत खरे. दगडाचाच काढतो, आबा," नाना म्हणाले.

"काढा, काढा. दगड हालाव नही."

ऊन डावीकडे आल्यावर मी सात फ्रेम घेतल्या. शेवटच्या फ्रेममध्ये नाना स्वतः छत्री टेकून मोकळ्या जागेत उभे राहिले, मापासाठी.

प्रिंटवर पेन्सिलीने चौकटी आखून त्यांनी दहा फुटी कापडावर दरी उतरवली. पिवळं गवत डब्यातल्या काड्यांशी ताडून रंगवलं. पडदा दिवाळीनंतर लागला. शेठ तो पाहून म्हणाले, "लग्नसराई सुरू होतेय. बघू."

तुळशीचं लग्न झाल्यावर चोपड्याकडचं एक जोडपं आलं. नवरा पडद्यासमोर उभा राहिला, मागे वळला आणि हसायलाच लागला.

"हाऊ ते आमना नाला शे! मंग जळगावले कसाले उनूत?"

आपलाच नाला बघायला जळगावला कशाला यायचं, असं म्हणत ती दोघं जुन्या कमळांसमोर फोटो काढून गेली. शेठनी नानांना निरोप धाडला: उद्यापर्यंत काही करा, नाही तर पडदा काढतो.

नाना त्याच दुपारी रंगाचे डबे घेऊन आले. स्टुलावर चढताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. संध्याकाळपर्यंत अंजनाची झाडं लाल झाली आणि कड्यावर बर्फ पडला. नाना ब्रश पुसता पुसता म्हणाले, "सावली तेवढी खरी आहे."

पडदा चालला. गिऱ्हाईकं आपल्या मनाने त्याला काश्मीर म्हणू लागले आणि शेठनी कोणालाही दुरुस्त केलं नाही. नानांना दुसरा पडदा मिळाला.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या दैनिकाने नवविवाहितांचे फोटो छापायला सुरुवात केली. धुळ्याच्या एका जोडप्याचा फोटो टपालाने आला. मागे लाल झाडं, बर्फाचा कडा, खाली मोकळं वाळूचं पात्र. फोटोच्या पाठीवर दोघांची नावं आणि त्यापुढे 'काश्मीर येथे' असं लिहिलं होतं.

डेस्कवरच्या उपसंपादकाने फोटो माझ्यापुढे धरला. "तुमच्या त्या स्टुडिओतला वाटतो. ठिकाण काय टाकू?"

चुकीची फोटोओळ जाऊ द्यायची नाही, हा आमच्या डेस्कचा नियम होता आणि तो मी पाळत आलो होतो. जळगावचा स्टुडिओ असं लिहिलं असतं तर ओळ बरोबर झाली असती, पण पडद्याचं काश्मीर उघडं पडलं असतं. नाना त्या आठवड्यात तिसऱ्या पडद्यावर चौकटी आखत होते.

"ठिकाण काढा," मी म्हणालो. "नुसती नावं जाऊ द्या."

त्याने 'काश्मीर येथे' वर रेघ मारली आणि फोटो पुढे पाठवला.