बिशप साल्वूंची रिकामी कुंडी

बातमी आली तेव्हा मी ऑफिसात डबा उघडत होते. आमच्या चर्चमधल्या मराठी मिस्सेच्या, म्हणजे उपासनेच्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकामागून एक जोडलेले हात येऊ लागले, म्हणून वर सरकवून पाहिलं. बिशप साल्वू माल्टातल्या वृद्धाश्रमात झोपेतच देवाघरी गेले होते. नव्वदी ओलांडलेला, अंथरुणाला खिळलेला माणूस... आज ना उद्या हे होणारच होतं. माझ्या मनात मात्र पहिल्यांदा आलं ते हेच, की आता त्यांना तिथेच पुरणार. डबा तसाच झाकून ठेवला. या माणसाने उभ्या आयुष्यात स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली होती, मला अबुधाबीच्या वाळूत पुरा. तेवढीही आम्हाला देता आली नाही.

लग्न करून वसईहून इथे आले तेव्हा ते निवृत्त झालेले होते. चर्चच्या आवारात, मागच्या अंगाला त्यांची खोली आणि खोलीपुढे पत्र्याच्या सावलीत कुंड्यांची ही गर्दी. मला वाटलं, चर्चची बाग असेल. फोडणीपुरता कढीपत्ता खुडला, तर आतून गर्जना आली, "वो डाबरे का है! पूछा उसको?" पांढरी दाढी, पायात रबरी सपाता, हातात पाण्याचा मग. मी म्हटलं, "कोण डाबरे, फादर? कुठे असतात?" तर म्हणे, "वसई. फोन करो." आणि माणसाने खरोखर फोन लावून माझ्या कानाला दिला! पलीकडे एक म्हातारे गृहस्थ. इथली नोकरी संपवून त्यांना गावी जाऊन किती वर्षं झालेली. मी ओशाळून कढीपत्त्याची परवानगी मागितली. ते म्हणाले, "घे गो बाय, घे. पानं मोठी येतात का अजून?" 

तेव्हा मला ती रीत कळली. इथे कोणी कायमचं राहत नाही. नोकरी संपली की व्हिसा संपतो, खलास, फायनल एक्झिट. गाडी विकली जाते, सोफा विकला जातो, पण बाल्कनीतलं झाड कोणी विकत घेत नाही आणि ते कचऱ्यात टाकायला हात धजत नाही. कधीतरी कुणीतरी आपलं झाड बिशपांच्या दारात ठेवून गेलं असेल. मग तो पायंडाच पडला. निघायच्या आधीच्या रविवारी कुटुंब कुंडी घेऊन यायचं, बिशप माणसांना आशीर्वाद द्यायचे आणि कुंडी ठेवून घ्यायचे. परेरांचा मोगरा, केरळच्या थॉमसचा शेवगा, कुणा मंगळूरकरणीची अळूची पानं. सगळ्यांची नावं त्यांना तोंडपाठ. पंचेचाळीसच्या वर पारा गेला तरी दोन वेळा पाणी, आणि आपल्या दुखऱ्या गुडघ्यांना माल्टी भाषेत शिव्या. त्या शिव्याच होत्या असं माझं मत. ते म्हणायचे, प्रार्थना आहे.

ओळीच्या शेवटी एक मोठी मातीची कुंडी होती, रिकामी. मी एकदा तिच्यात पुदिना खोचला, तर दुसऱ्या दिवशी उपटून माझ्या हातात दिला. "ये मेरा है." मग रिकामं का, विचारलं. "जो जाता है, उसका पेड़ रहता है. मैं किधर जाता हूँ?" म्हणाले आणि हसले. मीही हसले.

त्या हसण्यामागचं मला फार उशिरा कळलं, तेही चहाच्या कपागणिक थोडं थोडं. तरुण पाद्री म्हणून त्यांना पाठवलं ते येमेनमधल्या एडन बंदरात. तेव्हा एडन इंग्रजांचं आणि त्यांचं स्वतःचं माल्टाही इंग्रजांचंच. माल्टी बोली अरबीच्या जवळची, त्यामुळे अरबी लवकर जमली. हिंदी मात्र शिकले ते बंदरातल्या आपल्या कारकुनांकडून, म्हणूनच ती अशी मुंबईछाप. त्यातले एक वसईचे जुजेकाका. बंदरात कारकुनी, सकाळ-संध्याकाळ चर्चची घंटा, मागेपुढे कोणी नाही. इंग्रज निघायचे दिवस आले, रस्त्यांवर गोळ्या झडू लागल्या, चर्चचे पुढचे बाक रिकामे झाले. वरिष्ठांचा हुकूम आला, तरुण पाद्र्यांनी जहाजाने निघावं. जुजेकाका धक्क्यापर्यंत पेटी घेऊन आले आणि म्हणाले, "फादर, आता मला माती कोण देणार?" हे एवढं वाक्य बिशप मराठीत सांगायचे, जसंच्या तसं. यांनी उत्तर दिलं, मी परत येतो, इन्शाल्ला. परत जाणं झालंच नाही. पुढे कधीतरी जुजेकाका वारल्याचं कानावर आलं. कोणी पुरलं, कुठे पुरलं, हे अखेरपर्यंत कळलं नाही.

नंतर ते या किनाऱ्यावर आले, तर इथूनही इंग्रज निघायच्या तयारीत. या वेळी मात्र ते हलले नाहीत. कोणी 'बिशपसाहेब' म्हटलं की चिडायचे. "साहब लोग जहाज़ से गया. मैं फादर." साहेबांच्या रिकाम्या बाकांवर मग आपली माणसं येऊन बसली, सुतार, स्वयंपाकी, नर्सा. त्यांच्यातच राहून ते सहायक बिशप झाले, तरी अर्धं आयुष्य लेबर कॅम्पांतच गेलं. दूरच्या उम्म अल कुवैन अमिरातीच्या इंडस्ट्रियल एरियात कोणी मेलं आणि गावी न्यायला कोणी नसलं, तर हे स्वतः जायचे. बिशपपदाची अंगठी काढून खिशात ठेवायचे आणि ओंजळीने माती टाकायचे. त्यांच्या डोळ्यांसमोर दर वेळी कोण असायचं, ते आता सांगायला नको.

गेल्या वर्षी ते पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं, चोवीस तास माणूस लागू लागलं. त्यातून इन्शुरन्सची अडचण, व्हिसाची अडचण. त्यांच्या धर्मसंघातल्या वरिष्ठांनी त्यांना मायदेशी न्यायचं ठरवलं. त्यांना तरी काय बोल लावणार? रॉबर्टने, माझ्या नवऱ्याने, दहा ठिकाणी शब्द टाकला. उपयोग झाला नाही. बिशपांनी व्हीलचेअरमध्ये बसून एकेक झाड एकेका घराला वाटलं, डाबरेंचा कढीपत्ता माझ्या पदरात घातला. मी म्हटलं, "आता तरी तुमच्या कुंडीत काही लावा, फादर. आता तुम्हीही चाललात." त्यांनी नकारार्थी मान हलवली. म्हणाले, "जेसी, मैं फिर से जहाज़ पे चढ़ रहा हूँ." एअरपोर्टवरचा पोरगेला कर्मचारी खुर्ची ढकलत "यल्ला बाबा, यल्ला", चला चला म्हणत त्यांना आत घेऊन गेला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मला राग आला होता, आणि तो राग कुणावर काढावा हे अजून समजलेलं नाही.

अंत्यविधी आम्ही खलिफा सिटीतल्या घरी मोबाइलवर पाहिला. तिथली कबर खडकात कोरलेली. पेटी खाली सोडली, वर दगडी लादी सरकवली, झालं. माझी लेक म्हणाली, "ममा, डोन्ट दे थ्रो एनी सॉइल?" रॉबर्टने त्यांच्या पुतण्याला फोन करून विचारलं. तो भला माणूस गोंधळून म्हणाला की आमच्याकडे सगळा दगडच आहे, माती टाकायची पद्धत नाही. ज्या माणसाने परक्यांना आयुष्यभर मूठमाती दिली, त्याला कुणाची एक मूठ लाभली नाही. त्या दिवशी मी खूप रडले.

त्यांना जाऊन महिना झाल्याच्या मिस्सेआधी मी ग्रुपवर एवढंच लिहिलं, ज्यांच्याकडे बिशपांची झाडं आहेत त्यांनी त्या कुंडीतली मूठभर माती आणावी. वाटलं होतं, चारपाच जण येतील. मिस्सा झाल्यावर त्यांच्या बंद खोलीपुढे रांग लागली. कोणी प्लास्टिकच्या पिशवीत, कोणी आइस्क्रीमच्या डब्यात, एक नर्स तर ड्युटीवरून थेट आलेली, रुमालात पुरचुंडी बांधून. परेरांच्या मोगऱ्याची, थॉमसच्या शेवग्याची माती त्या रिकाम्या कुंडीत पडत गेली.  माझी पाळी आली तेव्हा मी दोन मुठी टाकल्या. रॉबर्टने हळूच विचारलं, "दोन का?" म्हटलं, "एक जुजेकाकांची."

खोली आता दुसऱ्या फादरांना द्यायची आहे, म्हणून कुंडी आम्ही घरी आणली. डाबरेंच्या कढीपत्त्याशेजारी ती ठेवली आहे. रॉबर्टच्या कंपनीतही कपातीचं बोलणं चाललंय, आमची निघायची वेळ कधी येईल सांगता येत नाही. आमचं झाड ठेवून घ्यायला आता कोणी नाही. सकाळी कामावर निघण्याआधी मी दोन्ही कुंड्यांना पाणी घालते. लेक म्हणते, "ममा, देअर्ज नथिंग ग्रोइंग इन दॅट वन." मी म्हणते, "माहीत आहे, बाळा," आणि हातातला मग रिकामा होईपर्यंत पाणी ओतत राहते.