ताईच्या पोटातले खडे

ताईचं पोट लहानपणापासून दुखायचं. आमच्या घरी त्याला कधी जंत म्हणत, कधी अपचन, आणि ती दहावीला गेल्यावर परीक्षेची भीती. ओवा, हिंग, शेकायची पिशवी, सगळं झालं. बारावीच्या वर्षी एका दुपारी ती गुडघे पोटाशी घेऊन, उशी आवळून जी बसली ती उठेचना. बाबा द्वारका चौकातल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला होते. मी धावत जाऊन शेजाऱ्यांच्या फोनवरून त्यांना बोलावून घेतलं. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. इंदिरानगरात आम्ही नवीनच राहायला आलो होतो आणि आमच्याकडे फोन यायचा होता.

डॉक्टरांनी एक्सरे उजेडासमोर धरला. मणक्याच्या दोन्ही बाजूंना, आडवे पसरलेले पांढरे ठिपके होते. स्वादुपिंडात खडे आहेत, ते म्हणाले. मग जरा घुटमळत त्यांनी विचारलं, ही दारू वगैरे घेत नाही ना? छे, छे, बाबा म्हणाले. दारूशिवायही उष्ण प्रदेशातल्या तरुण मुलांना हा आजार होतो, पण क्वचित, असं त्यांनीच पुढे सांगितलं. स्वादुपिंड हळूहळू निकामी होतं आणि मग मधुमेह येतो.

तो दोन वर्षांत आलाच. ताई आधीच किडकिडीत, त्यात आणखी वाळली. कितीही जेवली तरी अंगी लागेना. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन सुरू झालं. नातेवाईक म्हणायचे, मधुमेह तर जाड्या माणसांना होतो, हिला कसा? याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

आईने मात्र स्वतःपुरतं उत्तर शोधलं. कसावाच्या कंदामुळे हा आजार होतो अशी एकेकाळी शंका होती, असं कोणीतरी बोललं. साबुदाणा त्याच कंदाचा. आई घोटीची, भातावर वाढलेली, पण उपास सगळे करायची आणि खिचडीचा पहिला घास ताईला द्यायची. डॉक्टरांनी तिला दोनदा समजावलं की तसं काही सिद्ध झालेलं नाही, बाजारातल्या साबुदाण्याला तर कोणी दोष देत नाही. तिने ऐकून घेतलं. त्यानंतर आमच्या घरात साबुदाणा आला नाही.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी, ताईचे मोठे डॉक्टर म्हणाले की या आजारामागे जनुकातल्या एका बदलाचाही हात असतो, अभ्यासासाठी घरच्यांचं रक्त द्याल का? आम्ही चौघांनी दिलं. तोवर माझं लग्न होऊन मला मुलगी झाली होती. बऱ्याच महिन्यांनी त्यांनी बोलावून सांगितलं की ताईत तो बदल सापडला आहे, आईत आहे आणि माझ्यातही आहे.

आईने एवढंच विचारलं, "म्हणजे माझ्याकडूनच गेलं ना?"

डॉक्टर म्हणाले, तसं म्हणता येणार नाही. हा बदल असलेली कितीतरी माणसं ठणठणीत असतात, तुम्ही स्वतःच आहात. त्याने फक्त धोका वाढतो. बाकी कशाने होतं ते अजून नीट माहीत नाही. मी विचारलं, मग मी काय करायचं? दारू-सिगारेट नको, आणि पोट दुखलं तर या, ते म्हणाले. त्यापलीकडे त्यांच्याकडेही काही नव्हतं. परतताना रिक्षात आई पदर तोंडाशी धरून बसली होती.

मुलगी पहिलीत असताना एकदा शाळेतून पोट धरून आली. मी तिला तसंच सोनोग्राफीला नेलं. सगळं स्वच्छ होतं. तरी त्यानंतर तिचं पोट दुखलं की मी ते दाबदाबून बघायचो, आणि ती जेवली नाही की मी बायकोवर चिडायचो. त्या बदलासाठी तिचं रक्त तपासावं का, हे मी ठरवू शकत नव्हतो.

ताईला विचारलं. तिच्या पोटाच्या कळा तोवर थांबल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, दुखायला आता स्वादुपिंड उरलंच नाही. साखर तेवढी राहिली. ती डबा भरून नोकरीला निघण्याच्या घाईत होती.

"कळलं तर काय करशील?" ती म्हणाली.

"माहीत नाही."

"मग राहू दे. दुखलं तर डॉक्टरकडे ने. मला कोणी वेळेवर नेलं असतं, तरी हेच झालं असतं कदाचित."

ती चप्पल घालून निघून गेली. मुलीची तपासणी आम्ही केली नाही. ते बरोबर केलं का, मला आजही सांगता येत नाही.